साधा मजकूर मागितला होता

तक्रार तीन वाक्यांची होती. "खात्यात 'फक्त साधा मजकूर' तिसऱ्यांदा निवडलं. तरी सजवलेलेच मेल येतात. स्क्रीन रीडर आधी सगळे बॅनर वाचतो, बिलाची रक्कम कुठेतरी शेवटी."

(स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम.) आमच्या डेटाबेसमध्ये नोंद बरोबर होती. मग त्यांना गेलेल्या मेलचा सोर्स उघडला. हेडरमध्ये मल्टिपार्ट/ऑल्टरनेटिव्ह. या रचनेत एकाच मजकुराची दोन रूपं जातात, आधी टेक्स्ट/प्लेन म्हणजे साधा मजकूर, मग टेक्स्ट/एचटीएमएल म्हणजे सजवलेला. १९९६च्या आरएफसी २०४६ या इंटरनेट मानकानुसार मेल प्रोग्रॅमने त्याला दाखवता येईल असं सर्वांत शेवटचं रूप निवडायचं असतं. दोन्ही पाठवली की ग्राहकाची निवड तिथेच बाद. निदान प्लेन भागात तरी बिल असावं! तिथे एकच वाक्य होतं: "हा मेल ब्राउझरमध्ये पाहा." याची मला खरंच चीड आली.

मेल पाठवणारी सेवा बदलली तेव्हा यादीतून फॉरमॅटचा रकाना वगळला होता. ग्राहक निवड बदलत राहिला, ती जुन्या टेबलात जमा होत राहिली, नवी सेवा ते टेबल वाचतच नव्हती. आणि हे नजरचुकीने झालं नव्हतं. मेल उघडला का, हे कळतं ते एक पिक्सेलचं अदृश्य चित्र सर्व्हरवरून मागवलं गेलं तर. साध्या मजकुरात ते चित्र बसत नाही.

दुरुस्तीत आता पाठवण्याआधी रकाना वाचला जातो. 'टेक्स्ट' असेल तर एचटीएमएल भाग जोडायचाच नाही, कंटेंट-टाइप थेट टेक्स्ट/प्लेन, कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८. तो लिहायचा राहिला तर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं उमटू शकतात. एन्कोडिंग, म्हणजे मेलमधून पाठवताना मजकूर साध्या इंग्रजी अक्षरांत मांडण्याची पद्धत, बेस६४ ठेवलं. क्वोटेड-प्रिंटेबल या दुसऱ्या पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाची नऊ अक्षरं होतात, बेस६४मध्ये चार.

जास्त वेळ गेला मजकुरावर. एचटीएमएलचे टॅग खरवडून काढले की टेबलातले रकाने एकमेकांना चिकटतात, रक्कम आणि तारीख मिळून एकच आकडा दिसतो, आणि बटणामागची लिंक टॅगबरोबरच जाते. म्हणून वेगळा साचा लिहिला: पहिल्या ओळीत रक्कम, दुसऱ्या ओळीत मुदत, लिंक पूर्ण पत्त्यासह स्वतंत्र ओळीवर.

या ग्राहकांपुढे अहवालातला 'मेल उघडला' हा रकाना आता रिकामा असतो. तो भरण्यासाठी एचटीएमएल परत जोडायला मी नकार दिला आहे.