मागचं चाक ड्रमसकट बाहेर आलं, त्यानंतरची गोष्ट

मुळशीच्या बाजूला एका ओढ्यातून वर चढत होतो. पाणी जेमतेम गुडघाभर, फोर-व्हील लो, पहिला गियर. खाडकन एकच आवाज आला आणि जीप मागून उजवीकडे बसली. उतरून बघतो तर उजवं चाक ड्रमसकट वीतभर बाहेर. शेजारच्या सीटवर माझी मुलगी होती. तासाभरापूर्वी आम्ही ताम्हिणी उतरत होतो, हे डोक्यात आलं आणि हातपायच गळाले.

जीप बाबांची, 1974 ची सीजे-3बी. चार सिलिंडरचं हरिकेन पेट्रोल इंजिन, तीन गियर, 80 इंचांचा व्हीलबेस. ती विकायचा विचार घरात कधी कुणी बोलूनही दाखवला नाही.

तुटलेला शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, मी जपून ठेवलाय. तुटलेल्या तोंडावर दोन भाग स्वच्छ दिसतात. ‘की’ (शाफ्ट आणि चाक एकत्र फिरावेत म्हणून मध्ये बसवलेली छोटी लोखंडी पट्टी) बसायच्या खाचेच्या कोपऱ्यापासून निघालेला अर्धा भाग काळपट, गुळगुळीत, झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या बारीक रेषांचा. उरलेला अर्धा चकचकीत, साखरेच्या दाण्यांसारखा. म्हणजे तडा जुना होता, दिवसेंदिवस सरकत होता. ओढ्यात तुटला तो फक्त शिल्लक राहिलेला भाग. कारणही पुढे सापडलं. या एक्सलवर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, शाफ्टच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) घट्ट बसलेला असतो, त्याला की असते आणि बाहेरून नट. नट 150 फूट-पाउंडांना आवळायचा, आणि नट सुटू नये म्हणून घालायच्या कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर तो आणखी पुढे न्यायचा, मागे कधीच घ्यायचा नाही. आधीच्या कामात कुणीतरी पिन घालण्यासाठी तो मागे घेतला होता. हब कणभर हलू लागला आणि कीनं खाचेचा कोपरा ठोकून ठोकून फोडला.

पहिला विचार साहजिकच ‘जाड शाफ्ट टाकू’ हा होता. दुसरा, नव्या गाडीचा अख्खा एक्सलच बसवू. नाना पेठेत विचारपूस केली, एका स्क्रॅपवाल्याकडे पट्टी घेऊन दोन तास बसलो, आणि तिथेच तो बेत बारगळला. आमच्या जीपचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गियरची पेटी, डाना 18. त्यातून मागच्या एक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट मधून निघत नाही, उजवीकडून निघतो. म्हणून मागचं डिफरन्शिअलही (एक्सलवरचा गियरचा गोळा) उजवीकडे सरकलेलं. समोर ठेवलेल्या एक्सलचं डिफरन्शिअल मधोमध होतं, शिवाय त्याची रुंदीही जास्त. रुंदी बदलली की आरसीवरच्या गाडीत आणि रस्त्यावरच्या गाडीत फरक पडतो. गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, त्यावर 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. बाबांच्या जीपचे कागद मला धोक्यात घालायचे नव्हते.

रेशोचा, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो याचा, प्रश्न याहून मोठा. आमच्या दोन्ही एक्सलना 5.38, म्हणजे डिफरन्शिअलमधल्या मोठ्या चक्राला, क्राउनला, 43 दाते आणि छोट्या पिनियनला 8. मागे 4.27 टाकायचा तर पुढचाही बदलावाच लागतो, नाहीतर फोर-व्हील टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. आणि मला 5.38 सोडायचाच नव्हता. पहिला गियर 2.80, लो 2.46, त्यावर 5.38: गुणाकार 37. दगडांतून ही जीप माणसाच्या चालीनं चढते ती या 37 मुळे.

मग जुनंच हाउसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) ठेवून शाफ्ट बदलायचा, एवढंच उरलं. एका तुकड्यात फ्लॅंज, म्हणजे चाक बोल्टनं बसवायची चकती, असलेला शाफ्ट हा सोपा आणि स्वस्त पर्याय. त्यात ‘की’ही नाही, टेपरही नाही. मी तो जवळजवळ नक्कीच केला होता. भोसरी एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांनी चहा पिता पिता विचारलं, ‘‘हा तुटला तर चाक कशावर राहणार?’’

उत्तर नव्हतं माझ्याकडे. तो शाफ्टही गाडीचं वजन पेलतो आणि चाकही फिरवतो. बेअरिंगच्या बाहेर तुटला, तर पुन्हा तेच.

‘‘अरे, तुझ्या पुढच्या चाकात बघ की.’’

पुढच्या एक्सलवर हब पोकळ स्पिंडलवर, म्हणजे न फिरणाऱ्या नळीवर, दोन टेपर बेअरिंगांवर फिरतो. वजन स्पिंडल घेतो. आतला शाफ्ट फक्त फिरवतो. यालाच फुल फ्लोटिंग म्हणतात. वीस वर्षं मी त्या हबला ग्रीस भरत आलो होतो, पण तीच रचना मागेही करता येईल असं कधी सुचलं नव्हतं.

पुढच्यासारखेच स्पिंडल आणि हब मिळवले. हाउसिंगच्या फ्लॅंजची भोकं जुळेनात, म्हणून मध्ये प्लेट बनवली. शाफ्ट ईएन-24 या मजबूत पोलादाचे, स्प्लाइन (टोकावरचे लांबट दाते) डिफरन्शिअलमधल्या जुन्या साइड गियरशी ताडून कापलेले, मग हीट ट्रीटमेंट. पहिल्या जोडीचा एक शाफ्ट हीट ट्रीटमेंटमध्ये किंचित वाकला. वाक मोजायची डायल लावल्यावर काटा डोलताना दिसला आणि काकांनी तो स्वतःहून बाजूला ठेवला. तीन आठवडे आणखी गेले, खर्च एका तुकड्याच्या शाफ्टच्या जवळजवळ दुप्पट झाला. जोडणीत मी बेअरिंगचे दोन्ही नट आणि मधलं लॉक वॉशर तीनदा खोलून पुन्हा बसवलं.

आता शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहील. हबच्या टोपीचे बोल्ट काढून तुकडा ओढायचा, फोर-व्हील टाकायचं आणि पुढच्या चाकांवर घर गाठायचं.

परवा त्याच ओढ्यावर गेलो. वाटेत पौडला थांबलो, मुलीला म्हटलं, बेअरिंग जास्त आवळल्यामुळे एखादा हब तापलाय का, हात लावून बघ. तिनं आधी डाव्या हबवर तळवा ठेवला, मग उजव्या. ‘‘बाबा, दोन्ही सारखेच कोमट आहेत,’’ म्हणाली आणि सीटवर जाऊन बसली.