कुकरच्या शिट्ट्या नव्हे, मिनिटं मोजा

वरणाला चार शिट्ट्या, छोल्यांना सहा, मटणाला आठ. स्वयंपाक शिकवताना घरोघरी हेच आकडे सांगितले जातात आणि रेसिपीच्या व्हिडिओतही तेच ऐकू येतात. मग घर बदलतं, शेगडी बदलते, किंवा तीन लिटरच्या कुकरऐवजी पाच लिटरचा येतो, आणि त्याच चार शिट्ट्यांत डाळ कधी दाताखाली येते, तर कधी तिचं पीठ होतं. चूक करणाऱ्याची नसते. शिट्टी हे वेळेचं माप नाहीच. मोठ्या आचेवर अर्ध्या मिनिटाला एक शिट्टी होते, बारीक गॅसवर तोच कुकर चार-चार मिनिटं गप्प बसतो, आणि दोन्ही वेळा आतली डाळ जवळपास सारख्याच वेगाने शिजत असते.

असं का, हे समजायला शिट्टी हातात घेऊन तिचं वजन पाहावं. ती म्हणजे एका बारीक भोकावर ठेवलेलं वजन, बाकी काही नाही. ते भोक ३ मिलिमीटर व्यासाचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ०.०७ चौरस सेंटिमीटर भरतं. त्यावर ७० ग्रॅमचं वजन ठेवलं की दर चौरस सेंटिमीटरला १ किलोचा दाब झाल्याशिवाय ते उचललं जात नाही. आपल्याकडचे घरगुती कुकर याच दाबाच्या आसपास चालतात. बाहेरच्या हवेच्या दाबात हा दाब मिळवला की पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसला उकळतं. दाब त्याहून वाढू लागला की वजन उचललं जातं, वाफ निसटते आणि दाब पुन्हा खाली येतो. म्हणजे गॅस कितीही मोठा ठेवला तरी आतलं तापमान १२० च्या फारसं पुढे जात नाही. जास्तीची आच फक्त वाफ होऊन स्वयंपाकघरात पसरते.

यातूनच कळतं की एका कंपनीची शिट्टी दुसऱ्या कंपनीच्या कुकरवर कधीही ठेवू नये. ती नळीवर नीट बसली तरी भोक आणि वजन यांचं गणित बिघडतं. वजन हलकं पडलं तर डाळ शिजत नाही, जड पडलं तर दाब नको तितका वाढतो. हा दाब लहानसहान नसतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे पहिल्या शिट्टीच्या क्षणी त्या झाकणाला आतून ३०० किलोहून जास्त जोर लागलेला असतो. काही कुकरांचं झाकण तिरकं करून आत घालावं लागतं, ते यासाठीच. आतला दाबच झाकणाला खालून कडेवर आवळून धरतो आणि दाब असेपर्यंत ते उघडता येत नाही.

तर पद्धत अशी. झाकण लावण्याआधी ते उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय ना ते पाहावं. डाळीचं साल किंवा भाताचं शीत अडकलं असेल तर ते सुईने किंवा बारीक तारेने काढावं. झाकण लावलं की शिट्टी लगेच ठेवू नये. नळीतून वाफेची सरळ, जोरदार धार येऊ लागली की मग ठेवावी. आतली हवा त्या धारेबरोबर निघून जाते, आणि हवा अडकून राहिली तर त्याच दाबाला तापमान थोडं कमी पडतं. पहिली शिट्टी होईपर्यंत गॅस मोठा ठेवावा. ती झाली की घड्याळाकडे पाहावं आणि गॅस इतका बारीक करावा की कुकर हलकेच फुसफुसत राहील, अधूनमधून एखादी शिट्टी होईल. मिनिटं इथून मोजायची.

किती मिनिटं? तूरडाळ थेट कुकरमध्ये लावली तर ५ ते ६, डब्यात लावली तर ८ ते १०. तिच्यावरच्या डब्यातला भात तेवढ्याच वेळात होतो. मध्यम आकाराचे अख्खे बटाटे ८ मिनिटांत होतात. पुरणाची हरभराडाळ दोन तास भिजवलेली असेल तर १० ते १२ मिनिटं पुरतात, तेवढ्यात ती बोटचेपी होते आणि कटही मिळतो. रात्रभर भिजवलेल्या छोल्यांना आणि राजम्याला १५ ते २० मिनिटं लागतात, कुळथालाही तेवढीच. बोकडाच्या मटणाला १५ ते २०, जून असेल तर आणखी ५. हे आकडे पहिल्यांदा जसेच्या तसे घ्यावेत आणि मग आपल्या कुकरप्रमाणे मिनिटभर इकडेतिकडे करावेत. एकदा जमले की शेगडी बदलली तरी ते बदलत नाहीत.

मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो पाण्याचा आहे. मोठ्या बर्नरवर पूर्ण आचेत मिनिटाला ३० ते ४० मिलिलिटर पाणी वाफ होऊन जातं. डबे लावताना आपण तळाला दोन वाट्या, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या आसपास पाणी घालतो. शिट्ट्या सुरू झाल्यावर गॅस बारीक करायचा राहिला तर हे पाणी दहा मिनिटांच्या आतच संपू शकतं. कोरडा कुकर तापत गेला की तळ काळा पडतो, रिंग जळते आणि शेवटी झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे फार तापलं की वाफेला वाट करून देणारी झडप, वितळतो. तळाच्या पाण्यात चिंचेचं एक बुटुक किंवा लिंबाची साल टाकावी. ॲल्युमिनियम काळं पडतं ते खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याने, आणि आंबटपणा ते थांबवतो. डाळीचा डबा खाली आणि भाताचा वर ठेवावा, कारण तळाच्या डब्याला पाण्याचा थेट स्पर्श होऊन तो लवकर तापतो. जुन्या तांदळाला दुप्पट पाणी लागतं. नव्या इंद्रायणीला किंवा आंबेमोहराला पावणेदोन पट पुरतं, नाहीतर त्याचा गिचका होतो.

ही सगळी करामत ज्याच्या डोक्यातून निघाली तो फ्रान्समध्ये जन्मलेला दनी पापँ. लंडनमध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलबरोबर काम करताना त्याने १६७९ साली घट्ट झाकणाचं एक लोखंडी भांडं रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे मांडलं. हेतू भात-वरणाचा नव्हता. टाकून दिली जाणारी हाडं मऊ करून त्यांतलं सत्त्व काढायचं होतं. भांडं फुटू नये म्हणून त्याने दांड्याला वजन टांगलेली झडप बसवली. तीच जगातली पहिली सेफ्टी व्हॉल्व्ह मानली जाते, आणि तुमच्या कुकरवरची शिट्टी तिचीच वंशज. १६८२ साली त्याने सोसायटीच्या सदस्यांना या भांड्यात रांधलेलं जेवण दिलं. त्यात गाय-मेंढीची हाडं चीजइतकी मऊ झाली होती, अशी नोंद त्या जेवणाला हजर असलेल्या जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत आहे. वाफ झाकण किती जोराने ढकलते हे पाहिलेल्या या माणसाने १६९० मध्ये वाफेवर चालणाऱ्या दट्ट्याची कल्पना मांडली. वाफेच्या इंजिनाची एक वाट स्वयंपाकाच्या भांड्यातून निघाली आहे, ही गोष्ट मला शाळेच्या पुस्तकात असावी इतकी महत्त्वाची वाटते. बरोबर दोनशे वर्षांनी, १८७९ साली, पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ याने याच तत्त्वावर ऑटोक्लेव्ह बनवला. दवाखान्यातली अवजारं निर्जंतुक करणारं ते यंत्र १२१ अंशांवर चालतं, म्हणजे आपल्या वरण-भाताच्याच तापमानाला.

डब्यावर डबा रचून शिजवण्याची रीत मात्र दाबाच्या कुकरच्या आधीपासून आपल्याकडे आहे. कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास इकमिक कुकर काढला. खाली कोळशाची शेगडी, वर पाणी आणि त्यात टिफिनसारखे डबे. त्यात दाब नव्हता, नुसती १०० अंशांची वाफ होती, म्हणून स्वयंपाकाला काही तास लागत. पण सकाळी लावून कामाला जावं आणि परत आल्यावर गरम जेवावं, ही सोय त्यात होती.

आता उंचीबद्दल. दर ३०० मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. मुंबईत १०० अंशांना उकळणारं पाणी पुण्यात ९८ ला आणि महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास उकळतं. लेहमध्ये, ३५०० मीटरवर, ते ८८ लाच उकळतं, म्हणून तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरचं वजन बाहेरच्या हवेवर फक्त ठरावीक दाबाची भर घालतं, त्यामुळे लेहमध्ये कुकरच्या आतही १२० ऐवजी ११४ अंशांच्या आसपासच तापमान मिळतं. नियम असा, की ६०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला वेळ ५ टक्क्यांनी वाढवायची. हिमालयात ट्रेकला निघालेल्यांनी डाळीसाठी दीडपट वेळ आणि तितका गॅस धरूनच निघावं.

सपाटीवरही डाळ शिजत नाही, तेव्हा दोष बहुधा पाण्याचा किंवा डाळीच्या वयाचा असतो. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. हे पेक्टिन विरघळलं की डाळ मऊ होते. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या पेक्टिनला पक्कं बांधून ठेवतं, मग वीस मिनिटांनीही दाणा मऊ होत नाही. अशा गावात डाळ भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरावं, फरक पहिल्याच दिवशी दिसतो. चिंच, आमसूल, टोमॅटो हेही पेक्टिन विरघळू देत नाहीत, त्यामुळे आंबट नेहमी डाळ शिजल्यावर घालावं. मीठ आधी घातल्याने डाळ शिजत नाही हा समज चुकीचा आहे. मिठातलं सोडियम उलट कॅल्शियमची जागा घेतं, म्हणून कडधान्य मिठाच्या पाण्यात भिजवलं तर ते लवकर मऊ होतं. खायच्या सोड्यानेही होतं, पण सोड्याने ब जीवनसत्त्वांपैकी थायमिन नष्ट होतं. अगदीच अडलं तर वाटीभर डाळीला चिमूटभर, रोज नाही. उष्ण, दमट जागी वर्षभर पडलेली डाळ मात्र कशानेच पूर्ववत होत नाही.

राजम्याबाबत एक गोष्ट प्रत्येकाला माहीत हवी. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी काही तासांत जोराच्या उलट्या होऊ शकतात. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळलं की ते नष्ट होतं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तापमान ८० अंशांपर्यंतच राहिलं, तर हा विषारीपणा कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला आहे. प्रेशर कुकरमधल्या १२० अंशांना तो टिकत नाही.

गॅस बंद केल्यावर शिट्टी चिमट्याने उचलून वाफ काढायची घाई अनेकजण करतात. डब्यांत भात असेल तर त्याने फार बिघडत नाही. पण थेट कुकरमध्ये आमटी किंवा खिचडी असेल तर ते धोक्याचं आहे. आत १२० अंशांचं पाणी असतं. दाब एकाएकी काढला की त्याला १०० वर यावं लागतं, आणि मधली उष्णता एका लिटरमागे जवळपास ३७ मिलिलिटर पाण्याची क्षणात वाफ करते. ही वाफ ६० लिटर जागा व्यापते. डाळ छतापर्यंत उडते ती यामुळेच. कुकर आपोआप उतरू द्यावा, दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात डाळ मुरतेही. डाळ-तांदूळ आणि पाणी मिळून कुकर अर्ध्याच्या वर भरू नये, डाळीत चमचाभर तेल घालावं म्हणजे फेस कमी होतो आणि नळी चोंदत नाही.

पहिली शिट्टीच येत नसेल तर आधी रिंग पाहावी. झाकणाच्या कडेने वाफ किंवा पाण्याचे थेंब येत असतील तर ती ताठरली किंवा सैल पडली आहे. थंड पाण्यात दहा मिनिटं ठेवल्याने ती एखादा दिवस काम देते, पण नवी आणणं हाच उपाय. रोजच्या वापरात वर्षभराने ती बदलावीच. धुतल्यावर ती झाकणात अडकवून न ठेवता वेगळी सुकवली तर जास्त टिकते. कुकर घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस २३४७ हा क्रमांक पाहावा. फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला तो कायद्याने सक्तीचा आहे.

सेफ्टी व्हॉल्व्ह एकदा वितळला की तिथून वाफ येतच राहते. त्या भोकात एम-सील भरणं किंवा साधा स्क्रू बसवणं म्हणजे ३०० किलोच्या जोराला बाहेर पडायची शेवटची वाट बंद करणं. व्हॉल्व्ह ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खास मिश्रधातूचा असतो, त्यामुळे त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा घ्यावा. दुकानात जाताना झाकणच सोबत न्यावं.