संकष्टीचा केक

शनिवार, रात्री सव्वाबारा

भांडी अजून सिंकमध्येच आहेत, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

सासू-सासरे साताऱ्याहून नव्या घरी पहिल्यांदाच जेवायला येणार, म्हणून बुधवारी मी चॉकलेट केकची रंगीत तालीम केली होती. तीन अंडी, भरपूर लोणी, मस्त फुगलेला. ऑफिसात डबा पाच मिनिटांत रिकामा झाला. जावयाला काहीतरी येतं हे एकदा दाखवायचंच होतं, खोटं कशाला बोलू. आणि आज सकाळी साडेदहाला आईंचा फोन. "अहो, आज संकष्टी आहे. मी चंद्रोदयानंतरच जेवीन. माझ्यासाठी वेगळं काही करत बसू नका." मृणालनं कालनिर्णय पाहिलं. चंद्रोदय नऊनंतर. ती मोदकांसाठी नारळ खोवायला बसली, मी अंड्यांचा ट्रे मुकाट्यानं फ्रीजमध्ये ठेवला.

बिनअंड्याचा केक मी जन्मात केला नव्हता. अंडं काढलं की केकला धरून ठेवणारं आणि फुगवणारं दोन्ही जातं. त्याच्या जागी दही आणि सोडा. दह्याची आंबटाई सोड्याला लागली की वायू सुटतो, तोही लगेच. मिश्रण तसंच ठेवून फोन घेतला की संपलं. त्यात माझा कोको गडद, अल्कलीची प्रक्रिया केलेला, म्हणजे त्याची स्वतःची आंबटाई आधीच गेलेली. म्हणून चमचाभर व्हिनेगरही घातलं. २०० ग्रॅम मैदा, तेवढीच साखर, ५० ग्रॅम कोको, वाटीभर दही, अर्धी वाटी तेल, शेवटी अर्धा कप कडकडीत कॉफी. कॉफी वेगळी कळत नाही, कोको मात्र खुलतो. ओव्हन १८० वर आणि अर्धा तास तरी दाराला हात लावायचा नाही.

मी २२व्या मिनिटाला उघडलं. राहवलं नाही. केक मधोमध बशीसारखा खाली बसला.

मग सगळी भिस्त गनाशवर. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि क्रीमचा अख्खा खोका. घाईत क्रीम उकळू दिलं, गनाश फाटला, वर तुपासारखा तवंग. कोमट दूध चमचा चमचा घालून मधून ढवळत राहिलो तेव्हा कुठे एकजीव झाला. तो त्या खळग्यात काठोकाठ ओतला, उरलेला कडेनं ओघळू दिला. खोक्यातल्या क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्केच, त्यामुळे गनाश लवकर धरत नाही. मंडळी सातला आली तेव्हा तो वरणासारखा हलत होता आणि फ्रीजमध्ये मोदकांनी जागा अडवलेली. ठेवला पंख्याखाली.

एरवी आठला पानं घेतली असती आणि माझी शोभा झाली असती. आज सगळेच चंद्रासाठी थांबलेले. आई त्यांच्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनबद्दल सांगत होत्या, झाकणाला काचेचं भिंग असलेला. त्याआधी दिवाळीची नानकटाई ताटात मांडून बेकरीच्या भट्टीवर भाजून आणायच्या. मधूनमधून "अंडं नाही ना?" हेही चार वेळा विचारून झालं. नऊनंतर गच्चीवर गेलो तर चंद्र समोरच्या टॉवरमागे. पंधरा मिनिटं उभे राहिलो. बाबा म्हणाले, "साताऱ्यात एव्हाना जेवणं झाली असती."

आधी मोदक, वरण-भात, बटाट्याची भाजी. केक दहाला कापला, सुरी गरम पाण्यात बुडवून. तोवर गनाश घट्ट धरला होता आणि प्रत्येक तुकड्यात आतल्या टोकाला चॉकलेटचा बोटभर जाड थर. आईंनी तुकडा फिरवून पाहिला.

"मधे पुरण भरलंय होय?"

मृणालनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो."

त्यांनी आणखी एक तुकडा घेतला. उद्या निघायच्या आधी कृती लिहून हवीय, कप-बिप नको, वाटीच्या मापानं. बाकी सगळं सोपं आहे. २२व्या मिनिटाला ओव्हनचं दार उघडावं, हे तेवढं कसं लिहायचं ते बघतोय.