दर आठवड्याला घसरणारी नॉर्मॅलिटी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या बॅचसाठी पोटॅशियम परमँगनेटचं द्रावण बनवायचं काम माझ्याकडे आलं. नॉर्मॅलिटी म्हणजे द्रावणाची तीव्रता; ती 0.1 नॉर्मल करायची तर लिटरला 3.16 ग्रॅम लागतं. मी 3.2 ग्रॅम तोलून घेतलं, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं, गाळणकागदातून गाळलं आणि साध्या पांढऱ्या बाटलीत भरून खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं. यात काही चुकलंय हे कळायला तीन आठवडे गेले.

टायट्रेशनमध्ये, म्हणजे ब्युरेट या मापाच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून अभिक्रिया पूर्ण व्हायला ते किती लागतं हे मोजताना, पहिल्या आठवड्यात 10 मिली ऑक्झॅलिक आम्लाला (तेही 0.1 नॉर्मल) 10.4 मिली परमँगनेट लागलं. पुढच्या आठवड्यात 10.7, त्याच्या पुढच्या आठवड्यात 11.1. त्या त्या दिवशीची तिन्ही रीडिंग मात्र जुळत होती, सीबीआर (ब्युरेटचं पुन्हा पुन्हा सारखंच येणारं रीडिंग) व्यवस्थित मिळत होता. मग घोळ कुठे? मी ऑक्झॅलिक आम्लावर संशय घेतला. 100 मिलीला 0.63 ग्रॅम पुन्हा तोलून नवं द्रावण केलं. तरी 11.1च. त्या दिवशी घरी जाताना डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी जर्नल बघितलंच नाही, सरळ बाटली मागितली. ती हळूच तिरकी करून उजेडात धरली. तळाशी आणि काचेला तपकिरी थर बसला होता. तो मँगनीज डायऑक्साइडचा. मग त्यांनी समजावलं, ते मला आजही पाठ आहे. परमँगनेट जे मिळेल त्याचं ऑक्सिडीकरण करतं. डिस्टिल्ड पाण्यात थोडा सेंद्रिय अंश असतोच, त्याच्यावर ते खर्च होतं. गाळणकागद म्हणजे सेल्युलोज, त्यालाही ते सोडत नाही. त्यातून जो मँगनीज डायऑक्साइड तयार होतो तो उरलेल्या परमँगनेटचं विघटन आणखी वाढवतो, आणि उजेडाने त्यात भरच पडते. म्हणजे माझी बाटली रोज थोडी थोडी कमकुवत होत होती. म्हणूनच नुसतं वजन करून परमँगनेटची अचूक नॉर्मॅलिटी मिळत नाही, ती ऑक्झॅलिक आम्लाशी ताडूनच ठरवावी लागते.

नवं द्रावण करायला मी शनिवारची दुपार घेतली. 3.2 ग्रॅम पाण्यात टाकून वर वॉच ग्लास झाकला आणि मंद आचेवर तासभर उकळलं. जे खर्च व्हायचं ते आधीच होऊन जावं, हा त्यामागचा हेतू. रात्रभर अंधारात निवू दिलं. सोमवारी लॅबमधल्या मामांनी कपाटातून ग्लास वूल काढून दिली, तिच्यातून गाळलं, लिटरभर केलं आणि तपकिरी बाटलीत भरलं.

आता खरी परीक्षा टायट्रेशनची होती. कोनिकल फ्लास्कमध्ये 10 मिली ऑक्झॅलिक आम्ल आणि भरपूर विरल सल्फ्युरिक आम्ल. हायड्रोक्लोरिक चालत नाही, कारण परमँगनेट त्याच्यातून क्लोरीन मोकळा करतं आणि रीडिंग उगाच वाढतं. नायट्रिकही नको, ते स्वतःच ऑक्सिडीकारक. आणि सल्फ्युरिक विरलच हवं. कोरड्या परमँगनेटवर संहत सल्फ्युरिक कधीही ओतू नका, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो. ब्युरेट काचेच्या तोटीची घ्या, रबराची नळी परमँगनेट खातं. द्रावण इतकं गडद असतं की खालचा वक्र दिसतच नाही, म्हणून रीडिंग वरच्या कडेवर घ्यायचं.

फ्लास्क 60 ते 70 अंशांपर्यंत गरम केला. पहिला थेंब पडला आणि गुलाबी रंग बराच वेळ तसाच राहिला. पूर्वी मी इथेच घाबरून भराभर ओतायचे आणि द्रावण तपकिरी गढूळ व्हायचं. या वेळी नुसती हलवत थांबले. रंग गेला. दुसरा थेंब लवकर गेला, तिसरा पडताक्षणी. पहिल्या थेंबांतून तयार झालेले मँगनीजचे आयनच पुढची अभिक्रिया वेगाने घडवून आणतात. पुस्तकात ‘स्वउत्प्रेरण’ असा रुक्ष शब्द आहे, पण डोळ्यांसमोर घडताना बघण्यात जो आनंद आहे तो शब्दात नाही. अभिक्रिया संपल्याचं रंग बदलून दाखवणारा वेगळा दर्शकही लागत नाही. सगळं ऑक्झॅलिक आम्ल संपलं की एका जास्तीच्या थेंबाने फिकट गुलाबी छटा येते. ती अर्धा मिनिट टिकली की एंड पॉइंट.

10.0, 10.1, 10.0.

मॅडमनी त्या दिवशी सांगितलं की 1846 साली फ्रान्समध्ये मार्गरीत यांनी लोखंड मोजायला याच द्रावणाचं टायट्रेशन वापरलं होतं. पुढच्या प्रॅक्टिकलला आम्हीही तेच केलं, मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) या क्षारातलं लोखंड मोजलं. त्याला गरम करावं लागत नाही.

बोटांवरचे तपकिरी डाग मी उरलेल्या ऑक्झॅलिक आम्लाच्या विरल द्रावणात बुडवलेल्या कापसाने पुसले आणि लगेच भरपूर पाण्याने हात धुतले, कारण ऑक्झॅलिक विषारी आहे. बाटलीवर तारीख आणि नॉर्मॅलिटी लिहून ती कपाटात आत ठेवली. महिन्याने पुन्हा ताडून पाहिलं तेव्हा रीडिंग 10.1 आलं.