माहियाची वही: दिगंशाचं गणित सुटलं

रॉकेट लॅब कंपनीच्या इलेक्ट्रॉन रॉकेटच्या उड्डाणांची वही ठेवतो आहे, त्यात एक काम बरेच दिवस राहिलं होतं. न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून रॉकेट नेमक्या कोणत्या दिशेने निघायला हवं, म्हणजे त्याचा दिगंश (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेला कोन) किती, ते स्वतः मांडून काढायचं. या आठवड्यात ते झालं, आणि फार समाधान वाटलं.

माहिया ३९.३ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. सूर्यसमकालिक कक्षेचा, म्हणजे ध्रुवांजवळून जाणाऱ्या एका प्रकारच्या कक्षेचा, कल (विषुववृत्ताशी होणारा कोन) ९७.८ अंश धरला. कलाच्या कोसाइनला अक्षांशाच्या कोसाइनने भागलं की दिगंशाचा साइन मिळतो. उत्तर आलं १९० अंश, म्हणजे जवळजवळ थेट दक्षिण, जराशी पश्चिमेकडे कललेली. पण त्या अक्षांशावर जमीन स्वतःच सेकंदाला सुमारे ३६० मीटर वेगाने पूर्वेकडे धावते. या कक्षेसाठी तो वेग नको असतो, उलट तो मोडून काढावा लागतो. तो हिशेबात घेतल्यावर दिगंश १९३ च्या आसपास आला.

नकाशावर ही रेघ ओढली तेव्हा माहियाची जागा खरी कळली. रेघ नॉर्थ आयलंडच्या किनाऱ्यापासून लांबून, समुद्रावरूनच अंटार्क्टिकाकडे जाते. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेकडे निघालेल्या पीएसएलव्हीला श्रीलंका टाळण्यासाठी वाटेत वळण घ्यावं लागतं, त्यात इंधन जातं. मोठ्या रॉकेटला ते परवडतं. जेमतेम १८ मीटर उंचीच्या आणि पृथ्वीनिकटच्या कक्षेत ३०० किलोच नेणाऱ्या इलेक्ट्रॉनला ते फार महाग पडलं असतं. आपल्याकडे छोट्या एसएसएलव्ही रॉकेटसाठी तमिळनाडूत कुलसेकरपट्टिनमला नवा तळ उभारायला घेतला, त्यामागेही हेच कारण आहे. निर्जन जागा पुष्कळ सापडतील. हव्या त्या दिशेला मोकळा समुद्र असलेली जागा दुर्मीळ, असं माझं मत झालं आहे.

वेळा नोंदवणाऱ्यांसाठी: न्यूझीलंडचं घड्याळ आपल्यापुढे साडेसहा तास, आणि तिथल्या उन्हाळ्यात साडेसात.

आता दुसऱ्या टप्प्याचा वेग-आलेख हाती घेतला आहे. इलेक्ट्रॉनच्या रदरफर्ड इंजिनाचे इंधन-पंप विजेच्या मोटरवर चालतात, आणि दुसऱ्या टप्प्यात रिकाम्या झालेल्या बॅटऱ्या उडत्या रॉकेटमधूनच टाकून दिल्या जातात. वजन घटलं की त्वरण वाढायलाच हवं. थेट प्रक्षेपणात पडद्यावर दिसणाऱ्या वेगाच्या आकड्यांतून ती बारीकशी उडी पकडता येते का, ते बघायचंय. कुणी दर पाच सेकंदांचे आकडे टिपून ठेवले असतील तर जरूर द्या. माझे दहा सेकंदांचे आहेत, ते या कामाला विरळ पडतात.