एकच चर दोनदा खणला, त्याची गोष्ट

पहिला बर्फ पडला त्या सकाळी बायको किचनच्या खिडकीतून म्हणाली, "अरे, मागे गवत कसं काय दिसतंय?" मी चहाचा कप घेऊन बघायला गेलो तर सगळं आवार पांढरंशुभ्र आणि त्यातून घराच्या भिंतीपासून थेट आवारातल्या लाकडाच्या बॉयलरपर्यंत दीडेक फूट रुंदीचा हिरवा पट्टा, फूटपट्टी ठेवून आखल्यासारखा. तिला मजा वाटली, फोटो काढून घरच्या ग्रुपवर पण टाकला. माझ्या मात्र पोटात गोळा आला. कारण तो पट्टा म्हणजे मी उन्हाळाभर फोडलेलं लाकूड होतं, जे घर तापवायच्या ऐवजी जमीन तापवत होतं.

थोडं मागे जातो. आम्ही राहतो न्यूयॉर्कमध्ये, पण टाइम्स स्क्वेअरवालं न्यूयॉर्क नाही, वरचं, कॉर्टलंडच्या पुढे, जिथे नोव्हेंबर ते एप्रिल बर्फ आणि उरलेले महिने बर्फाच्या गप्पा. जुनं शेतघर घेतलं, गॅसची लाइन गावात नाही, मग टँकरने येणारा प्रोपेन. एका हिवाळ्यात ११०० गॅलन. ते बिल बघून मी ठरवलं की मागे सहा एकर जागा आहे, त्यातली ॲशची झाडं नाहीतरी मरायलाच टेकलीत (हिरव्या रंगाचा एक भुंगेरा आहे, २००२ साली मिशिगनमध्ये पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून त्याने ॲशची जंगलंच्या जंगलं खाल्ली), तर बाहेर बसवायचा लाकडाचा बॉयलर घ्यायचा.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलं नाहीये त्यांच्यासाठी सांगतो. घरापासून लांब पत्र्याच्या टपरीसारखी दिसणारी एक वस्तू, आत लाकूड जाळायची पेटी, पेटीच्या भोवती पाणी, आमच्यात साधारण ७५० लिटर. हे पाणी १८० फॅरनहाइटपर्यंत म्हणजे ८२ सेल्सिअसपर्यंत तापतं, पंप ते जमिनीखालच्या पाइपातून घरात ढकलतो, तिथे घर तापवणाऱ्या जुन्या भट्टीच्या डक्टमध्ये, म्हणजे गरम हवेच्या नळात, गाडीच्या रेडिएटरसारखी जाळी बसवलेली असते, तिच्यातून हवा गरम होऊन खोल्यांमध्ये जाते. आंघोळीच्या पाण्यासाठी वेगळा प्लेटवाला एक्स्चेंजर. बॉयलरचं पाणी आणि आंघोळीचं पाणी एकमेकांना कधी भेटत नाही, मध्ये स्टीलचा पत्रा असतो. गार झालेलं पाणी परत बॉयलरमध्ये. झालं.

अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ते दोन मिनिटं नुसते बघत बसले आणि मग म्हणाले, "बंबच आहे की रे हा. तोटी कुठाय?" आमच्या कोरेगावच्या घरी मोरीबाहेर तांब्याचा बंब होता, तुराट्या, शेणी, बाभळीच्या काटक्या, मिळेल ते त्याच्या नळकांड्यात जायचं. आजीचा एकच नियम, आधी पाणी किती आहे बघ मग काडी लाव, नाहीतर डाख सुटेल. या एवढ्या मोठ्या मॅन्युअलच्या पहिल्या पानावर, लाल चौकटीत, तेच लिहिलंय.

आता पट्ट्याकडे येतो, कारण खरी अक्कल तिथेच आली.

आमच्या राज्यात २०११ पासून नियम आहे, नवा बॉयलर हद्दीपासून १०० फूट आत पाहिजे आणि धुरांडं जमिनीपासून किमान १८ फूट उंच. त्यामुळे घरापासून आमचा चर झाला १३० फुटांचा. बॉयलरवर एवढे पैसे घातल्यावर पाइपाची किंमत विचारली तर फुटावर भाव, आणि दोन प्रकार. एकात दोन्ही पाइपांभोवती घट्ट फोम भरलेला, तो महाग. दुसऱ्यात पाइपांना चंदेरी बबल रॅप गुंडाळून काळ्या नळीत नुसतं सरकवलेलं, तो निम्म्याहून कमी. मी दुसरा घेतला. विकणारा म्हणाला सगळे हाच टाकतात, आणि मला ते ऐकायचंच होतं. एकदा जमिनीत गेलं की कोण बघतंय!

तर बर्फ बघतो. आमची माती चिकण, पावसाळ्यात (इथे वेगळा पावसाळा नाही म्हणा, बारा महिने आहे) चरात पाणी साठतं, त्या काळ्या नळीत कुठूनतरी शिरलं आणि बबल रॅप त्या पाण्यात पोहायला लागला. म्हणजे गरम पाइप थंड पाण्यात बुडवून ठेवल्यासारखं. मी दोन्ही टोकांना थर्मामीटर बांधले, बॉयलरमधून निघताना १८०, तळघरात पोचताना १७६. चार डिग्री म्हणजे काय एवढं, असं मलाही वाटलं, पण हे चोवीस तास, सहा महिने, आणि परतीच्या वाटेवर परत तसंच. पहिल्या हिवाळ्यात १४ कॉर्ड (हे इथलं लाकडाचं माप, पुढे सांगतो) लाकूड जाळलं. पाइप बदलल्यावर, आणि लाकूड वाळलेलं मिळाल्यावर, आठ.

पुढच्या जुलैमध्ये तोच चर परत खणला. मिनी एक्स्कॅव्हेटर परत भाड्याने, बायकोचे टोमणे फुकट. इथे खणायच्या आधी ८११ ला फोन करावा लागतो, ते येऊन विजेच्या, टेलिफोनच्या लाइनींवर रंगाच्या रेघा मारून जातात, फुकट. पण एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, ते फक्त कंपनीच्या लाइनी दाखवतात, तुमच्या मालकीच्या नाही. आमच्या प्रोपेनच्या टाकीपासून घरापर्यंतची नळी आमची स्वतःची, म्हणून तिच्यावर रेघ नाही. पहिल्या वेळी एक्स्कॅव्हेटरच्या बादलीचा दात तिच्यापासून वीतभर अंतरावरून गेला होता हे मला दुसऱ्या वेळी कळलं, जेव्हा तेवढा भाग मी फावड्याने हळूहळू उकरला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसरी गोष्ट लाकडाची. पहिल्या वर्षी आमचं स्वतःचं कमी पडणार हे दिसत होतं म्हणून बाहेरून पाच कॉर्ड मागवलं. कॉर्ड म्हणजे चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब अशी रास, १२८ घनफूट. ट्रक येऊन ओतून गेला, मी रचून बघितलं तर रास संपतेच लवकर. मग समजलं की इकडे गावात बरेच जण कॉर्ड म्हणतात आणि देतात फेस कॉर्ड, उंची लांबी तीच पण रुंदी एका लाकडाएवढी, १६ इंच, म्हणजे तिसरा हिस्सा. तो माणूस खोटं बोलला असं पण नाही म्हणता येत, मी विचारलंच नव्हतं. आता फोनवर पहिला प्रश्न तोच, किती घनफूट?

आणि ते लाकूड ओलं. आपल्याकडे वखारीत जळण वजनावर मिळतं, त्यामुळे ओलं लाकूड घेतलं की पाण्याचे पैसे दिले हे शेंबड्या पोरालाही कळतं. इथे मापावर, त्यामुळे ओलं काय सुकं काय रास तेवढीच, आणि विकणारा "सीझन्ड", म्हणजे वाळवलेलं, म्हणाला की आपण मान डोलावतो. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. वीस-पंचवीस डॉलरचं ओलावा मोजायचं मीटर मिळतं, ते आधी घ्या मग लाकूड घ्या. आणि मोजताना लाकडाच्या टोकाला नाही लावायचं, टोक आधी सुकतं, मी तेच करत बसलो होतो आणि आकडा बघून खूष होत होतो. ओंडका फोडायचा आणि आतल्या ताज्या बाजूला पिना टोचायच्या. २० टक्क्यांच्या आसपास पाहिजे. माझं आलं ३४.

जुन्या बॉयलरमध्ये कसंही लाकूड घातलं तरी धुमसत का होईना जळायचं, म्हणून तर गावं धुराने भरून जायची आणि म्हणून तर हे सगळे नियम आले. २०२० च्या मेपासून नवीन विकायचा तर धुराची कडक टेस्ट पास झालेलाच विकता येतो. हे नवे बॉयलर लाकूड नुसतं जाळत नाहीत, वरच्या पेटीत लाकडातून गॅस निघतो आणि तो खाली, विटांसारख्या अस्तराच्या खोलीत, फुंकणीतून सोडल्यासारखा पेटतो. नीट चालला ना की धुरांड्यातून काहीच दिसत नाही, नुसती हवा थरथरताना दिसते. पण याला सुकं लाकूड लागतं म्हणजे लागतंच. ओल्याचं काय होतं, गॅसऐवजी वाफ, सगळ्या भिंतींना काळा डांबरासारखा चिकटा, आणि लाकडं एकमेकांत अडकून वर कमान तयार होते, तिच्याखालचे निखारे संपतात. पेटी लाकडाने गच्च भरलेली आणि पाणी गार! पहाटे पाचला, उणे १८ सेल्सिअसमध्ये, जॅकेटखाली पायजमा घालून मी लोखंडी सळईने ती कमान पाडत उभा, हे चित्र डोळ्यासमोर आणा.

त्यात एकदा घाईत नियम मोडला. दार उघडायच्या आधी वरची झडप उघडायची, अर्धा मिनिट थांबायचं, मग दार इंचभर किलकिलं करून परत थांबायचं, मग पूर्ण. मी सरळ उघडलं. आत साठलेल्या गॅसला हवा मिळाली आणि भप्प करून जाळाची जीभ बाहेर. फार काही झालं नाही, उजवी भुवई गेली आणि टोपीच्या लोकरीचा करपट वास दोन दिवस नाकात राहिला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये आठवडाभर कॅमेरा बंद.

साइजचं पण बोलतो. मी मोठा घेतला, "पुढेमागे गॅरेज पण तापवू" म्हणून. मोठा बॉयलर जानेवारीत मस्त, पण ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये घराला उष्णता लागतेच किती, मग तो दिवसभर झोपा काढत धुमसतो आणि परत तो चिकटा. आता मी ऑक्टोबरमध्ये पेटवतच नाही, थँक्सगिव्हिंगच्या आसपास, नोव्हेंबरच्या शेवटी, पेटवतो, तोवर थोडा प्रोपेन. बॉयलरला परत येणारं पाणी पण १४० फॅरनहाइटच्या खाली येऊ द्यायचं नाही, नाहीतर आतल्या लोखंडाला घाम फुटतो आणि ते गंजतं, त्यासाठी एक छोटा व्हॉल्व्ह मिळतो, तो मला ज्याने सुचवला त्याला मी अजून दुवा देतो.

व्हॉल्व्हवरून आठवलं. पंपाच्या दोन्ही बाजूंना बंद करायच्या चाव्या बसवा. मी एकाच बाजूला बसवली होती, चाळीसेक डॉलर वाचवले असतील, आणि फेब्रुवारीत पंप गेला तेव्हा तो काढायला अख्ख्या सिस्टिमचं पाणी सोडावं लागलं. पाणी सोडलं म्हणजे त्यात घातलेलं गंजरोधक औषध पण गेलं, ते परत घ्या, परत टेस्ट करा. टेस्ट तशीही दर वर्षी करायचीच असते, पट्टी बुडवून रंग बघायचा, पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यावर बॉयलरचं आयुष्य ठरतं.

विमा कंपनीला मात्र बसवायच्या आधी फोन करा. आम्ही केला, बॉयलर घरापासून लांब असल्यामुळे फार कटकट झाली नाही.

मार्चमध्ये बर्फाळ पाऊस झाला, तारा तुटल्या आणि १९ तास लाइट नव्हती. लाकूड ढीगभर, आग पेटलेली, आणि घर गार पडत चाललंय, कारण पंपाला आणि पंख्याला वीज लागते. सगळं मिळून दोनेकशे वॉट, एका जुन्या बल्बच्या दुप्पट फार तर. बायको ब्लँकेट गुंडाळून शांतपणे म्हणाली, "सातारा जिल्ह्यात लोडशेडिंगमध्ये दहावी-बारावी केलेला माणूस तू, आणि तुला इन्व्हर्टर सुचला नाही?" यावर काय बोलणार. पुढच्या आठवड्यात बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून तळघरात बसवला, आता लाइट गेल्याचं पंपाला कळत पण नाही.

लोक विचारतात पैसे वाचले का. बॉयलर, दोन्ही पाइप (हो, दोन्ही), खोदकाम, लाकूड फोडायचा स्प्लिटर भाड्याने, सगळं धरलं तर अजून काही वर्षं तरी नाही. आणि हे दारात म्हैस बांधल्यासारखं आहे हे कोणी सांगत नाही. सकाळी आठला एकदा, रात्री दहाला एकदा, चुकवायचं नाही. डिसेंबरमध्ये न्यू जर्सीला मित्राच्या घरी दोन दिवस राहायचं तर शेजारच्या आजोबांना सांगून जावं लागतं, आणि ते लाकूड रचतात माझ्यापेक्षा चांगलं. पहिल्या वर्षी धूर त्यांच्याकडेच जायचा तेव्हा ते एक शब्द बोलले नव्हते, फक्त एकदा कुंपणाशी येऊन विचारलं होतं की लाकूड कधी तोडलं. मी म्हटलं ऑगस्टमध्ये. "कुठल्या ऑगस्टमध्ये?" म्हणाले. मी गप्प. आता माझ्याकडे दोन वर्षांपुढची रास आहे, ओकची वेगळी, कारण ओकला दोन उन्हाळे लागतात.

राखेचं अण्णा विचारत असतात. भाजीच्या वाफ्यात टाकतो थोडी, ब्लूबेरीला चुकूनही नाही, तिला आंबट माती लागते. आणि झाकणाच्या लोखंडी डब्यातच ठेवतो, आत चार-चार दिवस निखारे जिवंत असतात.

परवा या वर्षीचा पहिला बर्फ पडला. मी कोणाला न सांगता साडेपाचला टॉर्च घेऊन मागे गेलो. पट्टा नव्हता, सगळं सपाट पांढरं, चर कुठे होता ते मलाच अंदाजाने शोधावं लागलं. फक्त भिंतीपाशी, जिथे पाइप जमिनीतून वर येऊन घरात शिरतो, तिथे जेवणाच्या ताटाएवढा गोल वितळला होता आणि त्यात गवताची चार पाती. फोमचा डबा गॅरेजमध्ये आहे, रविवारी भरून टाकतो.