नायट्रोजन, पण किती डिग्रीला?

आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या आपल्या बाईंसमोर "नायट्रोजन वायू आहे" असं नुसतं बोलून सुटका नव्हती, लगेच "किती डिग्रीला? किती दाबाला?" आणि उत्तर येईपर्यंत उभं राहायचं. पुस्तकात छापलंय ना बाई, हवेत ७८ टक्के नायट्रोजन वगैरे, तरी यांचं आपलं सुरूच. खरं सांगतो, जाम वैताग यायचा.

एकदा त्यांनी अख्खा वर्ग पॅसेजमध्ये काढला आणि खडूने लादीवर रेघ ओढायला घेतली, एक सेंटीमीटर म्हणजे एक डिग्री, वर्गाचा उंबरठा शून्य. मुंबईची १९६२ च्या जानेवारीतली ती गाजलेली थंडी, ७.४ डिग्री, ती उंबरठ्याच्या आतच राहिली, आम्ही आपले उणेत चाललोय. उणे १८३ ला ऑक्सिजन, उणे १८६ ला आर्गॉन, मग उणे १९५.८ ला फुली, इथे नायट्रोजन उकळतो, आणि उणे २१० ला दुसरी फुली, इथे गोठतो. बाईंनी दोन फुल्यांवर पंजा पसरून दाखवला, वीतभरसुद्धा अंतर नाही. पाण्याला पातळ राहायला शंभर डिग्री मिळतात, याला जेमतेम १४. शिपाईमामा मात्र लादी पुसावी लागणार म्हणून तोंड पाडून उभे.

मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं की सिलेंडरमध्ये पण पातळच असेल ना, घरच्या गॅससारखा? बाई एकदम खूश. म्हणाल्या नाही, उणे १४७ च्या खाली आणल्याशिवाय कितीही दाबा, तो पातळ होणारच नाही, आपल्या हवेत सिलेंडरमधला नायट्रोजन म्हणजे नुसता दाबलेला गॅस. हे असं तापमान असतं हे अँड्र्यूज नावाच्या शास्त्रज्ञाने कार्बन डायऑक्साइडवर प्रयोग करून १८६९ ला मांडलं, त्याआधी लोक दाबून दाबून थकले आणि "कायमचे वायू" असं नाव ठेवून मोकळे झाले! शेवटी १८८३ ला पोलंडमधल्या क्राकूव शहरात व्रुब्लेव्हस्की आणि ओल्शेव्हस्की या दोघांनी नीट भांड्यात उकळताना दिसेल असा द्रव नायट्रोजन काढला.

पुढे सहलीला कुलाब्याला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटांच्या विज्ञान संशोधन संस्थेत, गेलो तिथे जे बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे. काचेच्या भांड्यात द्रव नायट्रोजन, वरून व्हॅक्यूम पंप लावला. दाब कमी झाला तसा तो खदखदून उकळायला लागला, उकळायला लागणारी उष्णता स्वतःतूनच जाते म्हणून गार होत गेला, आणि दाब साधारण आठव्या हिश्शावर आला तशी खदखद थांबून भांड्यात पांढरा गोळा. उकळता उकळता गोठलं राव! बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या आमच्याकडे बघत होत्या.

आता मी तळोज्याला हवेतून गॅस वेगळे करणाऱ्या प्लँटवर शिफ्टमध्ये असतो, म्हणजे पोट त्या फुल्यांवरच चाललंय. हवा गार करून कॉलममध्ये, म्हणजे उंच उभ्या नळकांड्यात, सोडायची, आधी उकळणारा नायट्रोजन वर जातो, ऑक्सिजन खाली राहतो, सगळा धंदा त्या १३ डिग्रीच्या फरकाचा. टाकीतला द्रव परत गॅस करायला हीटर पण लागत नाही, बाहेरची हवाच त्याला भट्टी. पावसाळ्यात तर व्हेपोरायझरच्या, म्हणजे द्रवाचा गॅस होतो त्या, पाइपांवर हवेतल्या बाष्पाचा एवढा जाड बर्फ चढतो की नवीन पोरं सेल्फी काढतात. काढू देतो, पण बंद खोलीत लिक्विड सांडू नका हे दहादा सांगतो, कारण एका लिटरचा जवळपास सातशे लिटर गॅस होतो, वास नाही रंग नाही, ऑक्सिजन कधी कमी पडला ते कळत पण नाही.

तर आमच्या बॅचने ठरवलंय, शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लॅबला चांगला व्हॅक्यूम पंप आणि काचेची हंडी द्यायची. लिक्विड मी आणतो, डेमो पण करतो. फक्त मुख्याध्यापकांना विनंती, त्या दिवशी लॅबच्या सगळ्या खिडक्या उघडल्या पाहिजेत, ती कोपऱ्यातली रंगाने चिकटून बसलेली पण.